घरचा धंदा आणि घरातील मूल

इसवी सन २०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली, आणि शहरांतील असंख्य सुशिक्षित कुटुंबांत कचेरी व शाळा ही दोन्ही एकाच दिवशी घरात येऊन बसली. जेवणाच्या मेजावर संगणक मांडून बसलेली आई, तिचा पदर ओढणारे दोन वर्षांचे मूल आणि पलीकडून कामाचा हिशेब विचारणारा वरिष्ठ, हे दृश्य तेव्हापासून इतके परिचयाचे झाले आहे की त्याचे सविस्तर वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु त्या निमित्ताने घरोघर जी चर्चा झाली तीत एक उद्गार आम्हांस वारंवार ऐकू आला, व तोच या लेखाचे कारण होय. वडील मंडळी म्हणत, "आमच्या आया-आज्यांनी घरात बसून काय थोडे केले? दळण, कांडण, शिवण, विणकाम, सारे चालले होते, आणि त्यातच पाच-सहा मुले वाढत होती. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मग तुमचेच एवढे काय?" यावर तरुण मंडळींस उत्तर सुचत नसे, कारण हे विधान मनातून त्यांसही खरेच वाटे.

आमच्या मते ते काही अंशी खरे आहे. ते कोठवर खरे व कोठून पुढे खोटे, हे ठरवावयाचे तर घरी बसून धंदा करणाऱ्या स्त्रियांची मागील शे-दोनशे वर्षांची हकीकत थोडी उलगडून पाहिली पाहिजे. ही हकीकत बखरींत नाही, आणि आपल्या इतिहासकारांनी तिजकडे फारसे लक्ष दिले आहे असेही नाही. तथापि सरकारी चौकशांचे अहवाल, कायद्यांची कलमे आणि काही शिक्षणसंस्थांचे अनुभव यांत ती विखुरलेली सापडते.

प्रथम खऱ्या भागाकडे वळू. गिरण्या येण्यापूर्वी आपल्याकडे घर आणि कारखाना या दोन वस्तू भिन्न नव्हत्या. येवल्याच्या, इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या विणकराचे घर घ्या. ओसरीत अथवा मधल्या खणात जमिनीत खड्डा करून माग बसविलेला असे; पुरुष खड्ड्यात पाय सोडून विणी, आणि घरातील स्त्री रहाटावर कांड्या भरी. ताणा काढणे, त्यास खळ देणे, सकाळच्या उन्हात रस्त्यावर तो ताणून पाजणी करणे, ही कामे एकट्यादुकट्याची नव्हतीच. त्यांस सारे घर लागे. कपड्याची किंमत हाती आली म्हणजे ती विणकराची कमाई म्हणून मोजली जाई. कांडी भरणारीचा हात त्या हिशेबात निराळा धरण्याची पद्धत नव्हती. असो. मूल याच घरात असे. आढ्याला बांधलेल्या झोळीत ते निजे, झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला अडकविलेली असे, आणि दोन्ही हात रहाटाला मोकळे राहात. मूल रडू लागले तर रहाट थांबे. कांडी अर्धी राहिली म्हणून आभाळ कोसळत नव्हते. मागावर आधी भरलेल्या कांड्यांचा साठा असेच.

ज्युडिथ ब्राऊन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७० साली एक लहानसा निबंध लिहून असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, कोणत्याही समाजात स्त्रियांच्या वाट्यास जी उत्पादक कामे येतात ती बहुधा मुलाच्या सोयीने ठरलेली असतात. ती घराजवळ करता येतात, मुलास त्यांपासून फारसा धोका नसतो, त्यांस सतत चित्त एकाग्र करावे लागत नाही, आणि मध्येच सोडून पुन्हा सहज हाती घेता येतात. सूत काततांना धागा तुटला तर जोडता येतो. घाण्याचा बैल मध्येच सोडून देता येत नाही. या कल्पनेवर पुढे आक्षेपही निघाले. आमच्या उपयोगाचा तिचा शेवटचा भाग आहे. जे काम मोडता येते ते मुलाबरोबर राहू शकते, आणि जे मोडता येत नाही ते राहू शकत नाही. घर हा मुद्दाच नव्हे. काम मोडते की नाही, हा मुद्दा आहे.

परंतु जुन्या काळीदेखील ही सांगड आपोआप जुळत होती असे समजण्याचे कारण नाही. जात्याचेच उदाहरण पाहा. आपल्या बायका पहाटे दळीत. हे केवळ थंड वेळ म्हणून नव्हे. दिवसभराच्या पिठाचा ऐवज एका बैठकीत उरकावयाचा तर मूल निजलेले असावे लागे; तेवढी सलग वेळ घरात तेव्हाच मिळे, आणि ती स्त्री आपल्या झोपेतून कापून घेई. मूल उठलेच तर मांडीवर घेऊन दळणे चालू ठेवी. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ज्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत लेकरू आणि जाते यांची जोडी ठायी ठायी भेटते. त्या ओव्यांतील माधुर्य वाचून आपण सुखावतो हे ठीकच आहे; परंतु ती गाणारी बाई पहाटे का जागी होती हेही विचारावे.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. आजी घरात असे, आत्या असे, आणि मुख्य म्हणजे थोरली मुलगी असे. सात-आठ वर्षांची पोर धाकट्या भावंडास कडेवर घेऊन दारात उभी आहे, हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात इतके नित्याचे होते की त्यास कोणी काम म्हणून नावच दिले नाही. वडील मंडळी ज्या आज्यांची साक्ष काढतात त्यांची मुले "आपोआप" वाढली हे त्यांच्या दृष्टीने खरेच असेल, कारण ती ज्यांच्या कडेवर वाढली त्या मुली पुढे सासरी गेल्या व त्यांस कोणी साक्षीस बोलाविले नाही.

येथवर मोडते घ्यावे असे काही नाही. भार होता, पण तो सोसण्याजोगा होता, असे कोणी म्हणेल. खरा पालट झाला तो पुढे, जेव्हा घरी केलेल्या कामाचा धनी बाहेरचा झाला आणि मजुरी नगावर मिळू लागली. काम तेच, हात तेच, घरही तेच. पण आता प्रत्येक नगास दाम होता आणि ठरल्या वेळी माल पोचवावयाचा होता. दर इतका हलका की, पोटापुरते मिळवावयाचे तर नगांची संख्या फुगविण्यावाचून गत्यंतर नसे. ज्या कामात मूल सुखाने ढवळाढवळ करू शके, त्याच कामात आता मुलाचे प्रत्येक रडणे पैशात मोजले जाऊ लागले.

हा पालट प्रथम कागदोपत्री स्पष्ट दिसतो तो इंग्लंडात. नॉटिंगहॅम शहरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेसचा धंदा भरभराटीस आला. जाळी यंत्रावर विणली जाई. तिच्यावर सुईने वेलबुट्टी भरण्याचे काम मात्र गरीब स्त्रिया आपापल्या खोल्यांत बसून करीत. मधल्या दलाल बायका जाळीचे तुकडे आणून देत व पुरे झालेले नेत. मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८४३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात या घरांची हकीकत आली आहे, आणि ती वाचून कोणाचेही मन हेलावेल. या बाया आपल्या तान्ह्यांस गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे एक औषध पाजीत. त्यात काकवी होती, सुगंधी साल होती, आणि अफू होती. विशीतील एका आईने सांगितले की, मूल सांभाळण्यास कोणास पैसे देण्याची तिची ऐपत नव्हती, आणि लेसच्या तुकड्यावरून हात निघू नये म्हणून तिने ते पाजण्यास सुरुवात केली. मात्रा हळूहळू वाढत गेली, आणि मग त्याहून तीव्र अफूचा अर्क आला. ही आई कोठे दूर गिरणीत गेलेली नव्हती. मूल तिच्या हाताच्या अंतरावर होते.

याच्याशी मुंबईची हकीकत ताडून पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारे पाचांत एक कामगार स्त्री होती. रीळ भरण्याच्या व सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांचा विशेष भरणा होता. पहाटे भोंगा होताच आई निघे आणि तान्हे मूल एखाद्या म्हातारीच्या अगर थोरल्या मुलीच्या हवाली होई. मूल दिवसभर शांत राहावे म्हणून त्यास अफूची गोळी, जिला बाळागोळी म्हणत, ती देण्याची चाल होती. १९२० नंतरच्या सरकारी चौकशीत नेमलेल्या स्त्री-डॉक्टरला ही चाल गिरणीत जाणाऱ्या बहुतेक आयांच्या घरी आढळली, आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगानेही तिची दखल घेतली. नॉटिंगहॅमची आई घरात होती, मुंबईची आई घराबाहेर होती. उपाय दोघींचा एकच निघाला. त्यावरून घरात राहणे हेच मुलाचे रक्षण, ही समजूत कितपत टिकते याचा वाचकांनीच विचार करावा.

तरीपण मुंबईच्या आईची एक गोष्ट नॉटिंगहॅमच्या आईहून बरी होती. ती गिरणीच्या दरवाजातून आत जात असे, म्हणून मोजली जात असे. मोजली गेली म्हणून तिच्याविषयी कायदा करता आला. मुंबई कायदेमंडळात प्रसूतीसाहाय्याचे बिल आले तेव्हा, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देऊन असे प्रतिपादिले की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार बहुतांशी सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने असे बंधन घातले की, जेथे ५० हून अधिक स्त्रिया काम करतात तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी. १९७६ च्या दुरुस्तीने हा आकडा ३० वर आणला. पाळणाघर या शब्दास कायद्यात जागा मिळाली ती येणेप्रमाणे कारखान्याच्या भिंतीमुळे.

आणि नेमकी हीच भिंत पुढे काढून टाकण्यात आली. हे कसे घडले ते पाहावयाचे तर विड्यांच्या धंद्याकडे गेले पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, नगरकडील संगमनेर, आणि सोलापूर, ही महाराष्ट्रातील विडीची जुनी ठाणी. सोलापुरात विशेषतः तेलुगुभाषक पद्मशाली समाजातील स्त्रिया या धंद्यात मोठ्या संख्येने आहेत; पुरुष मागावर व बाई विडीवर, अशी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. आरंभी विडी वळणारे कामगार बहुधा कारखान्यांतच एकत्र बसत. परंतु जसजसे कायदे आले, कामाचे तास, रजा, पाळणाघर, आरोग्य यांची बंधने आली, तसतसे मालकांस एक सोपी युक्ती सुचली. मोठी आवारे मोडावी, पाने व तंबाखू ठेकेदारामार्फत घरोघर वाटावी, आणि तयार विडी मोजून घ्यावी. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने घरी विडी वळणारीसही कामगार म्हणून मान्यता दिली, आणि ही गोष्ट निःसंशय मोठी होती. परंतु पाळणाघराची जबाबदारी त्या कायद्यातही "औद्योगिक आवारा"वरच राहिली. काम घरी गेले की आवार उरत नाही, आणि आवार उरले नाही की पाळणाघरही उरत नाही. मूल मालकाच्या खर्चातून निघाले आणि आईच्या मांडीवर आले. त्या मांडीवर आधीच सूप होते.

विडीचे काम ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांस ते बसल्या जागेचे हलके काम वाटते. टेंभुर्णीची पाने आदल्या रात्री भिजवून ठेवावयाची. सकाळी शिरा काढून, पत्र्याचे माप वर ठेवून कात्रीने एकसारखे तुकडे कापावयाचे. सुपातील तंबाखू चिमटीने भरून वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे, तोंड मुडपावयाचे. पंचवीस विड्यांची एक जुडी, आणि मजुरी हजारावर. संध्याकाळी शाखेत माल नेला म्हणजे तपासणारा हातात घेऊन पाहतो व काही विड्या "छाट" म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही. पाने कमी भरली तर पदरची विकत घ्यावी लागतात. ब्राऊनबाईंच्या कसोट्या या कामास लावून पाहिल्या तर काम घरातच आहे, त्यास फारसे चित्त लागत नाही, आणि ते केव्हाही मोडता येते. कागदावर हे आदर्श काम ठरावे! प्रत्यक्षात हजार विड्या पुऱ्या करण्यास सारा दिवस जातो, आणि रांगणारे मूल तासात चार वेळा सुपाकडे येते. तेथे कात्री आहे. तंबाखूची पूड हवेत आहे व आईच्या बोटांवरही आहे, आणि त्याच बोटांनी तिला मुलास भरवावयाचे आहे. काम मोडता येते खरे, पण प्रत्येक मोडण्याची किंमत संध्याकाळी शाखेच्या खिडकीशी कळते.

मग ती काय करते? जे पूर्वीपासून चालत आले तेच. थोरल्या मुलीस घरी ठेवते. मुलगी धाकट्यास सांभाळते. ते निजले की पाने कापते, तोंडे मुडपते. तिचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असते. विडी कामगारांच्या घरांचा प्रश्न मात्र पुढे एका अंगाने सुटला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत चळवळीच्या बळावर उभी राहिली, व २००६ साली ती घरे स्त्रियांच्या हाती आली. स्वतःचे घर ही मोठी गोष्ट. येथे तर घर हेच कामाचे ठिकाण असल्यामुळे ती दुप्पट मोठी.

सगळेच घरधंदे असे कडू नव्हते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९५९ साली गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली, व त्यातून लिज्जतचा विस्तार झाला, हे सर्वश्रुत आहे. तेथे पीठ केंद्रावर मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात आणि दुसऱ्या दिवशी सुकलेले पापड परत आणतात. मजुरी नगाच्या वजनावरच, परंतु धंद्याच्या मालक त्याच असल्यामुळे पोळपाटावरून उठण्याचा अधिकार त्यांच्यापाशी राहिला. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांस जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचेही असेच. त्यांना सावकाराच्या फासातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मूल पायात घेऊन वीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या या बायांवर कोणी स्वतंत्र ग्रंथ लिहिला पाहिजे. येथे एवढेच पुरे.

वर जी थोरली मुलगी वारंवार आली तिच्याकडे आपल्या देशात डोळे उघडून कोणी पाहिले असेल तर ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरी पद्धतीचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांपुरते हे शिक्षण राहू नये, या तळमळीने त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई तेथेच त्यांस येऊन मिळाल्या. परदेशी बनावटीची महाग साधने टाकून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांवर शिकविणे बसविले. आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणातील ही बालवाडी पुढे अंगणवाडी या नावाने देशभर गेली.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. येथे शिक्षणाची अडचण निराळीच निघाली. प्राथमिक शाळेच्या वयाची मुले शाळेत येत नव्हती. त्याचे कारण मास्तर वाईट होते किंवा आईबापांस शिक्षणाचा तिटकारा होता असे नव्हे. मोठी मुले गुरे राखीत, आणि मुली धाकट्या भावंडांस राखीत. येथील आया आपल्या विषयातील घरधंदा करीत नसत, त्या शेतावर व रानात मजुरीस जात, हे खरे. परंतु घरातील मूल कोणी सांभाळावयाचे हा प्रश्न सिन्नरच्या विडीवालीचा व कोसबाडच्या मजूरणीचा एकच होता, आणि त्याचे उत्तरही दोघींनी एकच काढले होते. ताराबाई-अनुताईंनी गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली. मुलींसाठी त्यांनी जे केले ते आमच्या दृष्टीने त्याहूनही शहाणपणाचे होते. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही त्यांनी एका ठिकाणी आणली, आणि या रचनेस विकासवाडी असे नाव दिले. मुलगी भावंडास कडेवर घेऊन येई. तान्हे असेल तर ते पाळणाघरात जाई, तीन-चार वर्षांचे असेल तर बालवाडीत, आणि ती स्वतः शेजारच्या वर्गात जाऊन बसे. मुलीस शाळेत पाठवा, असा उपदेश आईबापांस करण्याऐवजी त्यांनी मुलीच्या कडेवरचे ओझे काही तास उतरवून घेतले.

ही गोष्ट साधी दिसते. परंतु तोपर्यंतच्या साऱ्या कायद्यांत व योजनांत पाळणाघर आईसाठी होते आणि शाळा मुलीसाठी होती. या दोहोंमधले दार कोणी उघडले नव्हते. आईस मजुरी करता यावी म्हणून मुलगी घरी राहते, हे सत्य सर्वांस ठाऊक होते, पण ते एका खात्याचे काम नसल्यामुळे कोणाच्याच दप्तरात नव्हते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हे नाव दिले. नाव कोसबाडकडून आले, परंतु पाळणाघर आले नाही. अंगणवाडी सकाळी काही तास भरे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांस शिकवी, खाऊ देई. दोन वर्षांचे मूल आणि दुपार, या दोन्ही गोष्टी घरीच राहिल्या.

सुशिक्षित वर्गाकडे हा प्रश्न आला तो उशिरा, आणि निराळ्या वेषात. २०१७ साली प्रसूतिविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. ५० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, आणि आईस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असावी, असेही ठरले. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होते. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजा संपल्यानंतर स्त्रीस घरून काम करण्याची परवानगी मालक देऊ शकेल, आणि त्याच्या अटी उभयतांनी ठरवाव्या. सवलत म्हणून हे कलम स्वागतार्हच होते, आणि अनेक घरांत तिचा उपयोगही झाला असेल. मात्र विडीचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही दोन कलमे शेजारी शेजारी वाचून थोडी धास्ती वाटल्यावाचून राहात नाही. पाळणाघर हे कचेरीच्या आवाराशी बांधलेले. घरून काम करणारी त्या आवाराबाहेर. मुलाकडे चार वेळा जाण्याची मुभा कचेरीत बसणारीस. घरी बसणारी किती वेळा उठली याचे माप तिच्या संगणकाच्या हिशेबात निराळेच ठेवले जाते.

तीन वर्षांनी टाळेबंदी आली तेव्हा अपवादाचा नियम झाला. कचेरीतील काम घरी आले, आणि ते नगावर नसले तरी घड्याळावर होते. ठरल्या वेळी बैठक, ठरल्या वेळी उत्तर. मोडता येणारे काम न मोडणारे कसे होते, याचा अनुभव पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून त्या वर्षी आला. फरक इतकाच की येथे थोरली मुलगी कडेवर भावंड घेऊन उभी नव्हती. तिची स्वतःचीच शाळा दुसऱ्या खोलीत दूरध्वनीच्या पडद्यावर भरत होती. मोलकरीण येऊ शकत नव्हती, आजी दुसऱ्या गावी अडकली होती, पाळणाघरे बंद होती. जी माणसे आजवर हे काम करीत होती ती सारी एकाच दिवशी नाहीशी झाल्यामुळे ते काम होते हे प्रथमच दिसले. मग काही घरांत बापाने अर्धा दिवस वाटून घेतला, काहींत दूरध्वनीवरची हलती चित्रे मुलापुढे ठेवण्यात आली. या चित्रांची तुलना बाळागोळीशी करण्याचा मोह आम्ही आवरतो. अफू ती अफूच. पण ज्या घटकेस ती पुढे करण्यात येत, ती घटका मात्र ओळखीची आहे.

खेड्यांत व कामगार वस्त्यांत त्याच काळी अंगणवाड्याही बंद होत्या; शिधा घरपोच मिळे, मूल मात्र चोवीस तास घरात. विडीचे काम टाळेबंदीत काही काळ थांबले व पुन्हा सुरू झाले, तेव्हा शाळा उघडलेल्या नव्हत्या. त्या महिन्यांत सोलापूरच्या गल्ल्यांतून किती मुलींच्या हाती कात्री आली याची गणना कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

२०२२ साली केंद्र सरकारने पाळणाघरांच्या जुन्या योजनेची पुनर्रचना करून तिला "पाळणा" असे नाव दिले, आणि अंगणवाडीस जोडूनच दिवसभराचे पाळणाघर चालविण्याची कल्पना तीत घातली. अंगणवाडी आणि पाळणाघर एका छपराखाली असावे, ही गोष्ट कोसबाडच्या टेकडीवर साठ वर्षांपूर्वी करून पाहिलेली होती. तेथे तिसरी एक खोलीही होती, पाटी घेऊन बसलेल्या थोरल्या मुलीची. ती खोली या योजनेत अद्याप धरलेली नाही.